गाडी बदला! नाशिकची ट्राम, बार्शी लाईट आणि नेरळचे पीरभॉय

सिन्नरला रेल्वे नाही. यादवांची राजधानी होती, गोंदेश्वराचं मंदिर आहे, विड्यांचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला, माळेगाव आणि मुसळगावला कारखाने आले, पुण्याचा हमरस्ता गावाला लागून गेला, पण रेल्वे नाही. आमच्याकडे 'रेल्वेने जायचं' म्हणजे आधी एसटीने नाशिकरोडला जायचं. सामान स्टँडवर उतरवायचं आणि पुन्हा प्लॅटफॉर्मवर चढवायचं. सिन्नरकराच्या प्रवासात हे चढवणं-उतरवणं इतकं मुरलं आहे की त्याचा कुणी वेगळा विचारही करत नाही.

पुणे-नाशिक रेल्वेच्या मोजण्या तालुक्यात सुरू झाल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी मला विचारलं होतं, "तू वाचत असतोस म्हणून विचारतो. ही लाईन मोठ्या लाईनीला जोडणार, का नाशिकरोडला पुन्हा उतरून दुसरी गाडी?" त्यांच्या भावाच्या शेताची मोजणी झाली होती. जमीन जायचीच असेल तर त्या बदल्यात काय मिळणार, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी त्या वेळी थातुरमातुर उत्तर दिलं. नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की चाचांचा प्रश्न महाराष्ट्राच्या रेल्वे इतिहासातल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे. छोट्या गाड्या आपल्याकडे भरपूर धावल्या. त्या मोठ्या गाडीला भेटल्या कशा, आणि त्या भेटीचा भार कुणाच्या डोक्यावर पडला, हा तो प्रश्न.

सुरुवात घराजवळून करतो. जीआयपी रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये पुरा झाला आणि मुंबईची गाडी घाट चढून सरळ नाशिककडे येऊ लागली. पण 'नाशिककडे' म्हणजे नाशिकला नव्हे. स्टेशन झालं ते गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. नाशिकरोड या नावातच ते कबूल केलेलं आहे. असली 'रोड' लावलेली स्टेशनं देशभर सापडतात. रेल्वे तुमच्या गावाच्या नावाची पाटी लावते आणि गावापर्यंतची वाट तुमच्यावर सोडते. पंचवटीला येणारा यात्रेकरू काय, पेठेतला व्यापारी काय, सगळ्यांना स्टेशनपासून टांगा किंवा बैलगाडी.

हे अंतर भरून काढायला १८८९ मध्ये नाशिकची ट्राम सुरू झाली. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. रूळ अडीच फूट रुंदीचे, दोन डबे, ओढायला चार घोडे. ट्रामचं कार्यालय आणि माणसांची घरं गंजमाळला होती, असं जुने लोक सांगतात. वाटेत तेव्हा वस्ती जवळजवळ नव्हतीच. आज द्वारका चौकात अर्धा तास अडकणाऱ्या माणसाला हे खरं वाटणार नाही.

ट्राम स्टेशनच्या दारात येऊन थांबायची. तिचे रूळ रेल्वेच्या रुळांना मिळाले नाहीत आणि मिळणं शक्यही नव्हतं. जीआयपीचे रूळ साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, आणि ट्रामचे ७६२. घोड्याने ओढायचा डबा आणि इंजिनाने ओढायचा डबा यांचं वजन, चाकं, जोडण्या, सगळंच वेगळं. म्हणजे नाशिकच्या ट्रामने अंतर मिटवलं, पण गाडी बदलणं मिटवलं नाही. तरी लोकांनी ती चाळीसेक वर्षं वापरली. पुढे दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी तिचं कंबरडं मोडलं, तोटा वाढत गेला आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. आज तिचा रूळ शोधून सापडत नाही.

या ट्रामचा सल्लागार इंजिनियर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते दोनदा येणार आहे. हा इंग्रज १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. माणूस वल्ली होता. अरबी घोड्यांचं त्याला वेड होतं, उतारवयात त्याने घोड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि मधल्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूटही तयार केलं. पण त्याची खरी कामगिरी आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहे.

बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पुण्याहून सोलापूरला जाणारी जीआयपीची लाईन १८६० मध्ये सुरू झाली ती बार्शीला बाजूला ठेवून. स्टेशन झालं कुर्डुवाडीला, आणि त्याला नाव पडलं बार्शी रोड! पुन्हा तोच 'रोड'. बार्शीचा कापूस बैलगाड्यांतून तिथवर यायचा. कॅलथ्रॉपने हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात छोट्या रेल्वेचा हिशोब सुरू झाला. मोठा रूळ टाकायला मोठा पैसा लागतो, मोठे पूल लागतात, जमीन जास्त जाते, आणि एवढा खर्च निघेल इतका माल कुठल्याही एका तालुक्यात नसतो. मग रूळच अरुंद आणि हलका टाकायचा. त्याने नियम केला की इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. सगळ्या आसांवर भार सारखा वाटलेला असेल तर यार्डाला ३० पौंडांचा हलका रूळसुद्धा चांगलं वजन पेलतो. इंजिनाला जास्त ताकद हवी असेल तर चाकं वाढवा, भार वाढवू नका. आज हे सोपं वाटतं, पण त्या काळी छोट्या लाईनी म्हणजे मोठ्या लाईनीची कशीबशी केलेली लहान नक्कल असायची. कॅलथ्रॉपने रूळ, डबे, इंजिनं, सगळं एकमेकांशी जुळवून आखलं. गाड्या इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ खास रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या.

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही २१ मैलांची लाईन सुरू झाली. रुंदी अडीच फूट, नाशिकच्या ट्रामइतकीच. पुढे ती वाढत गेली. एका बाजूला १९११ मध्ये लातूरला पोचली, दुसऱ्या बाजूला पंढरपूरला, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला. एकूण २०२ मैल. कॅलथ्रॉप वारला तो त्याच वर्षी.

मिरज जोडलं गेल्यावर या छोट्या गाडीला एक वेगळंच रूप आलं. वारीला तिच्या डब्यांत, पायऱ्यांवर, टपावर माणसं. आणि मिरजेला मीरासाहेबांचा दर्गा, तिथला उरूस. एकाच अरुंद रुळावर एकीकडे विठोबा, दुसरीकडे मीरासाहेब. माझ्या माहितीतले कित्येक जण दोन्हीकडे गेलेले. याच्यावर भाषण द्यायची मला गरज वाटत नाही, गाडीत बसायला जागा मिळण्याची भांडणं दोन्ही वेळा सारखीच असायची.

माझी थोरली फुप्पी बार्शीला दिलेली. सुट्टीत अब्बा आम्हाला तिच्याकडे न्यायचे तो प्रवास मला नीट आठवतो. सिन्नरहून एसटीने नाशिकरोड. तिथून मनमाड, मनमाडला गाडी बदलून दौंड, दौंडला गाडी बदलून कुर्डुवाडी. आणि कुर्डुवाडीला शेवटची बदली, मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत. अम्मी दर ठिकाणी डाग मोजायची. वळकटी एक, ट्रंक एक, पाण्याची सुरई, फुप्पीसाठी नेलेला लाडवांचा डबा. कुर्डुवाडीला छोटी गाडी खरोखर छोटी दिसायची. मोठ्या गाडीचा डबा शेजारी उभा असला की ती खेळण्यासारखी. अब्बा तिला 'बार्शी लाईट' म्हणायचे, सगळेच म्हणायचे. मला वाटायचं तिचा दिवा प्रसिद्ध असेल.

मी खिडकीतून पाहायचो ते हमालांकडे. एका बाजूला छोटी वाघीण, दुसऱ्या बाजूला मोठी, आणि मधून पाठीवर पोती घेतलेली माणसं. त्या वयात त्यात विशेष काही वाटलं नाही. आता वाटतं. 'लाईन जोडली गेली' असं आपण म्हणतो तेव्हा कुर्डुवाडीला ती जोडणी रुळाने नव्हे, माणसांच्या पाठीने केलेली होती. कापसाची गाठ असो, भुईमुगाचं पोतं असो, प्रत्येक नग तिथे एकदा हाताने उचलला गेला आहे. कॅलथ्रॉपच्या बाजूच्या लोकांचा युक्तिवाद असा की माल बदलण्याचा खर्च मोठा रूळ टाकण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. हिशोब म्हणून ते खरंच होतं. मजुरी स्वस्त होती म्हणून खरं होतं.

खुद्द इंग्लंडात मात्र त्याने वेगळा उपाय केला. स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच्या अडीच फुटी लाईनीवर, १९०४ मध्ये, अशा खास गाड्या ठेवल्या की मोठ्या रेल्वेची वाघीण जशीच्या तशी छोट्या रुळावरच्या गाडीवर चढवायची आणि गावापर्यंत न्यायची. माल उतरवायलाच नको. ती लाईन फार चालली नाही, १९३४ मध्ये बंद झाली. पण जिथे मजूर महाग होता तिथे यंत्र सुचलं, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

हा रुळांच्या रुंदीचा घोळ मुळात आला कुठून? डलहौसीने हिंदुस्थानासाठी साडेपाच फुटांचा रूळ ठरवला, ब्रिटनच्या चार फूट साडेआठ इंचांपेक्षा रुंद. पुढे १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या काळात पैसा वाचवायला मीटरगेज आलं. त्याच्या खाली अडीच फुटी आणि दोन फुटी. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी काटकसरीचा होता. सगळ्यांची बेरीज अशी झाली की देशभर ठिकठिकाणी गाडी बदलण्याची स्टेशनं उभी राहिली. मनमाड, मिरज, कुर्डुवाडी, मूर्तिजापूर. त्यांच्या आसपास हमाल, चहावाले, टांगेवाले, खाणावळी, मुसाफिरखाने यांची वस्ती वाढली. रूळ तुटतो तिथे पोट भरणारे तयार होतात. म्हणून रूळ जोडला की काही जणांचं पोट तुटतं, ही बाजूही विसरून चालणार नाही.

आता नेरळ. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

माथेरानची छोटी गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. ती कुणी बांधली हे विचारा, दहातले आठ 'इंग्रजांनी' म्हणतील. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या बोहरा तरुणाने, वडिलांच्या पैशावर. वडील म्हणजे सर आदमजी पीरभॉय. काठियावाडातून आलेलं दाऊदी बोहरा कुटुंब. आदमजींनी मुंबईच्या रस्त्यावर किरकोळ विक्रीपासून सुरुवात केली आणि लष्कराला तंबू पुरवण्याच्या ठेक्यापर्यंत मजल मारली. धारावीला कातड्याचा कारखाना काढला, १८९७ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले. डिसेंबर १९०७ मध्ये कराचीला मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं त्याचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांना 'सर' मिळालं, आणि त्याच वर्षी नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली.

बांधकाम १९०४ ते १९०७. खर्च सोळा लाख रुपये. रूळ दोन फुटी, लांबी सुमारे २१ किलोमीटर, चढ वीस फुटांना एक फूट. वळणं इतकी आवळ की साधं इंजिन तिथे रुळावरून उतरेल. म्हणून खास इंजिनं आणली. ओरेनस्टाइन अँड कोप्पेल या जर्मन कंपनीची, आणि आखणी कुणाची? एव्हरार्ड कॅलथ्रॉपची. सांगितलं होतं, पुन्हा येईल. त्या इंजिनांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे बाजूला सरकू शकायचे, त्यामुळे सहा चाकांचं इंजिन सापासारखं वळायचं.

नेरळला काय होतं ते पाहा. मुंबई-पुणे मुख्य मार्गावरचं स्टेशन. एका बाजूला साडेपाच फुटी रूळ, पलीकडे दोन फुटी. इथेही रूळ मिळत नाहीत. पण पीरभॉयांनी लाईन अशी बसवली की मोठ्या गाडीतून उतरलेला माणूस स्टेशनाबाहेर न पडता छोट्या गाडीपाशी पोचतो. नाशिकची ट्राम स्टेशनच्या दारात थांबत होती, माथेरानची गाडी घरात आली. फरक दहा-वीस पावलांचा आहे. सामान आणि पोरं घेऊन प्रवास केलेल्या बाईला विचारा, तो किती मोठा आहे.

आपल्या शाळेच्या पुस्तकांत टाटा येतात, जमशेटजी जीजीभॉय येतात, जगन्नाथ शंकरशेट येतात. यायलाच हवेत. पीरभॉय मात्र मी शाळेत कधी वाचले नाहीत. तक्रार मला पुस्तकं लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्याच लोकांकडे जास्त आहे. आम्ही मुशायऱ्याला, जलशाला बादशहांची नावं घेतो. कोकणच्या कड्यावर कर्ज न मागता रूळ चढवणारा बाप-लेक आमच्या बोलण्यात येत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात ही लाईन वाहून गेली, दोनेक वर्षांत पुन्हा उभी राहिली. पुढेही दरडी आल्या, काही वर्षं बंद राहिली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. इतक्या वेळा दुरुस्त करून चालवावीशी वाटली, यातच तिची किंमत आली.

याच काळात दूर दमास्कसहून मदिनेकडे दुसरी एक लाईन चालली होती, हिजाझ रेल्वे. १९०० मध्ये सुलतान अब्दुल हमीदने हुकूम काढला, १९०८ मध्ये गाडी मदिनेला पोचली. हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी तिला चंदा दिला, हैदराबादच्या मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. तिची रुंदी १०५० मिलिमीटर, कारण बैरूतहून दमास्कसला येणारी आधीची लाईन तेवढीच होती. अलेप्पोकडून येणारी लाईन मात्र युरोपच्या मापाची. दोघी भेटायच्या रयाक नावाच्या गावात, आणि तिथे माल उतरवून पुन्हा चढवायचा. म्हणजे तिकडेही एक कुर्डुवाडी होतीच.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बार्शी लाईट सरकारने घेतली. १९९२ मध्ये देशभर एकच माप करायचं धोरण आलं आणि छोट्या लाईनी एकेक करून मोठ्या होऊ लागल्या. कुर्डुवाडी ते लातूर २००८ मध्ये पूर्ण ब्रॉडगेज झालं, मिरजेची बाजू त्यानंतर. फुप्पीची नात आता लातूरहून रात्री बसते आणि सकाळी मुंबईला उतरते, मध्ये कुठेही डाग मोजावे लागत नाहीत. फुप्पी हे पाहायला राहिली नाही. कुर्डुवाडीच्या हमालांच्या मुलांचं पुढे काय झालं हेही कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. लिहायला हवं.

मापं एक असली की काय करता येतं याचं उदाहरण जर्मनीतलं कार्लस्रूह. तिथली शहरी ट्राम आणि राष्ट्रीय रेल्वे, दोन्हींचे रूळ १४३५ मिलिमीटरचे. अडचण विजेची होती. ट्रामला ७५० व्होल्ट डीसी, रेल्वेला १५ हजार व्होल्ट एसी. त्यांनी दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या केल्या, मध्ये जोडरूळ टाकला, आणि सप्टेंबर १९९२ पासून शेजारच्या ब्रेटन गावचा माणूस रेल्वेच्या रुळावरून निघून गाडी न बदलता थेट शहराच्या बाजारपेठेत उतरू लागला. नाशिकच्या ट्रामला जे कधी जमणार नव्हतं ते हेच. स्टेशनच्या दारात थांबायचं नाही, पुढे जायचं.

आपल्याकडे? दिल्ली मेट्रोच्या पहिल्या लाईनी रेल्वेच्या आग्रहाने साडेपाच फुटी झाल्या, नंतरच्या १४३५ च्या. मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रोही १४३५ च्या. त्यामुळे मेट्रोचा नवा डबा शहरात येतो तो बहुधा ट्रेलरवरून, रस्त्याने, रात्री वाहतूक थांबवून. रेल्वेच्या देशात रेल्वेचा डबा ट्रकवरून येतो! यात वेडेपणा आहे असं मी म्हणत नाही. शहरातल्या वळणांना, बोगद्यांना अरुंद माप सोयीचं पडतं, डबे जगभरातून मिळतात. पण आपण पुन्हा एकदा काटकसरीचा निर्णय घेऊन शंभर वर्षांची गाडीबदल बांधतो आहोत, एवढं तरी माहीत असावं.

नाशिकने तर रूळच नको म्हटलं. मेट्रो निओ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी, रबरी टायरची लांब बस. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली. मुख्य मार्ग गंगापूर ते नाशिकरोड स्टेशन, म्हणजे मोठा हिस्सा तोच, जो १८८९ मध्ये चार घोडे ओढत होते. ती अजून झालेली नाही.

आणि सिन्नर. आमच्या तालुक्यात गुळवंचला १३५० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं आणि वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. वीज विकण्याच्या कराराचा घोळ होता, तसा कोळसा आणणाऱ्या रेल्वेमार्गाच्या जमिनींचाही. मुख्य लाईनीपासून केंद्रापर्यंत जोडरूळ नसेल तर एवढी मोठी यंत्रं नुसतं लोखंड ठरतात. आणि तो जोडरूळ ज्याच्या मळ्यातून जाणार त्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्या रुळावरून त्याच्या घरचं कुणीच कुठे जाणार नव्हतं. कोळसा येणार, वीज जाणार. प्रवासी डबा नाही, गावाला स्टेशन नाही. विरोध झाला यात नवल काय?

पुणे-नाशिक लाईनीचं तसं नाही. ती ब्रॉडगेजच आखली आहे, सुमारे २३५ किलोमीटर, दोन्ही टोकांना मोठ्या रुळाला मिळणारी. आज पुण्याहून नाशिकला रेल्वेने यायचं तर कल्याणकडून किंवा दौंड-मनमाडकडून वळसा. पण नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यांना गाडीच्या विजेचा त्रास होईल म्हणून मार्ग बदलण्याचं ठरलं, शिर्डीवरून नेण्याचं बोललं जाऊ लागलं. सिन्नरला काही जमिनींची खरेदीही होऊन गेली होती. काहींना पैसे मिळाले, काहींच्या सातबाऱ्याचं काय होणार ते कळत नाही, आणि मोजणीचे दगड बांधावर आहेत.

गेल्या आठवड्यात नमाजनंतर चाचा भेटले. मी त्यांना सांगितलं, "चाचा, ती लाईन झाली तर जोडलेलीच असेल. माप एकच आहे, उतरावं लागणार नाही." ते म्हणाले, "अरे, पण सिन्नरला थांबेल का?" मग भावाच्या शेतातल्या त्या दगडापाशी यंदा कांदा लावायचा की नको, हे विचारायला ते तलाठ्याकडे निघून गेले.